रंगीत तालीम: सातारा ते मिरज

साताऱ्याहून दक्षिणेला जायला फारसं काही करावं लागत नाही. बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून महामार्गाला लागायचं आणि सकाळचा सूर्य डाव्या हाताला ठेवायचा. शेंद्रे, नागठाणे, अतीत, उंब्रज, कराड, मग कोल्हापूर. कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांवरची लिपी बदलते, रस्ता मात्र तोच. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणायचे, आता ४८ म्हणतात. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर करत तो बंगळुरूला आणि तिथून चेन्नईला जातो. साताऱ्याहून बंगळुरू सव्वासातशे-साडेसातशे किलोमीटर. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी हे अंतर एका दमात तोडलं, ही कथा दर लग्नात ऐकायला मिळते. त्यांच्या गाडीत मुलं नव्हती, एवढं मात्र ते सांगत नाहीत.

आमच्या गाडीत दोन असणार होती. थोरली सहावीतली, धाकटा पहिलीतला. शिवाय सासूबाई. नवऱ्याने फोनवर नकाशा उघडून पहिल्याच रात्री बदामी, हंपी, चित्रदुर्ग, श्रवणबेळगोळ, म्हैसूर, उटी, कोइमतूर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि येताना तंजावर अशी माळ ओवली. सासूबाईंनी त्यातला रामेश्वर तेवढा ऐकला आणि ‘काशीचं गंगाजल तसंच पडलंय’ म्हणाल्या. म्हणजे त्यांचं ठरलं.

खरा घोळ कधी जायचं याचा होता. मे महिन्यात शाळेला सुट्टी, पण तेव्हा बदामीच्या लाल खडकावर आणि हंपीच्या धोंड्यांमध्ये उभं राहायचं म्हणजे तव्यावर उभं राहणं. दिवाळीची सुट्टी बरी वाटते, पण आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा ईशान्य मोसमी पावसाचा काळ, आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या तंजावरला तो चांगलाच झोडपतो. नाताळची सुट्टी हवामानाला उत्तम, पण त्याच दिवसांत शबरीमलैच्या यात्रेकरूंच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात आणि सुट्टीही आखूड. मार्गशीर्ष-पौषातल्या चार दिवसांसाठी शाळेत रजेचा अर्ज द्यावा असं माझं मत पडलं. सहावीच्या पोरीचं एका आठवड्यात काय बुडणार आहे? ते मान्य झालं. राहिला प्रश्न रस्त्याचा, आणि रस्त्याच्या बाबतीत आमच्याकडे शेवटचा शब्द मामांचा.

माझं माहेर विट्याजवळचं. तिकडच्या माणसाला दक्षिण भारत नकाशात शोधावा लागत नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि इकडे साताऱ्याच्या बाजूला माण, खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. दोन-तीन पिढ्यांपूर्वी इथली माणसं पोट भरायला बाहेर पडली आणि सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. जुने दागिने वितळवायचे, टंच काढायचा, अशुद्ध सोनं शुद्ध करून सराफाला परत द्यायचं. आज देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत एखाद्या बोळात विटा-आटपाडीकडचं माणूस भट्टीपुढे बसलेलं सापडतं, आणि दक्षिणेत तर हमखास. सालेम, मदुराई, त्रिचूर, विजयवाडा ही आमच्या लग्नपत्रिकांवरची गावं आहेत. ‘मुलगा कुठं असतो?’ या प्रश्नाला आमच्याकडे ‘पुण्यात’ इतकंच ‘कोइमतूरला’ हे उत्तर साधं.

आमचे मामा कोइमतूरला. त्यांनी फोनवर नवऱ्याची माळ ऐकून घेतली आणि मला म्हणाले, ‘‘आक्का, ही यात्रा हाय का शर्यत? पोरांस्नी काय दिसणार यातनं? गाडीची काच!’’

मग त्यांनी नियम घालून दिले. रात्रीची गाडी मारायची नाही. म्हैसूरहून उटीकडे जाताना बंडीपूरचं जंगल लागतं, तिथला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. निलगिरीत शिरायला गाडीचा ई-पास लागतो. चामराजनगरहून सत्यमंगलमकडे उतरताना दिंबमचा घाट, त्यात २७ वळणं, आणि तोही रात्री बंद. ‘‘नकाशा सांगतो की ह्यो रस्ता जवळचा. पण नकाशाला उलटी होत न्हाई.’’ त्यांच्या मते लहान मुलं असली की बंगळुरूवरून कृष्णगिरी, सालेम, कोइमतूर हाच रस्ता धरावा. लांब पडतो, पण रुंद आणि सरळ. दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि दुपारी चारनंतर नवीन गावाचा विचार करायचा नाही.

या सगळ्यावर त्यांनी एक तोडगाही दिला. एप्रिलमध्ये गावची यात्रा होती, ते सगळं कुटुंब घेऊन मोटारीने येणार होते. ‘‘तुमी बी या. साताऱ्याहून निघा, गावाकडं या, तिथनं मिरजेपतूर जाऊन या. पोरं किती टिकत्यात ते आधी घरच्या रस्त्यावर बघा.’’ आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, आणि सांगली ही नाटकवाल्यांची भूमी. पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम हवी, हे तिथल्या माणसाने सांगावं यात नवल नाही.

तालमीचा पहिला थांबा साताऱ्यातच घेतला. क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. मुलांना तिथे खंड्या कुत्र्याची समाधी आवडते, छत्रपती शाहू महाराजांचा तो लाडका. मला मात्र या खेपेला तिथेच समाधी असलेल्या ताराबाईंची आठवण जास्त होत होती, कारण मुलाबाळांसह दक्षिणेतून साताऱ्याकडे केलेला मला माहीत असलेला सर्वांत अवघड प्रवास त्यांच्या नावावर आहे.

गोष्ट मुलांना घाटावर बसून सांगितली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडला. तेव्हा राजाराम महाराज १९ वर्षांचे. ते पन्हाळ्यावरून वेषांतर करून निघाले आणि वर्ष संपायच्या आत कर्नाटक ओलांडून तमिळ मुलखात जिंजीला पोचले. बंगळुरूच्या मुक्कामात कुणी सेवक त्यांचे पाय धूत होता. साध्या यात्रेकरूचे पाय कोण धुतं, असा लोकांना संशय आला आणि सगळे पकडले जाता जाता वाचले, असं सांगतात. ताराबाई मागाहून जिंजीला गेल्या. तिथेच १६९६ मध्ये त्यांना मुलगा झाला. १६९८ मध्ये जिंजी मोगलांच्या हाती पडली तेव्हा हे मूल दोन वर्षांचंही नव्हतं. वेढ्यातून सुटून राजघराणं महाराष्ट्रात आलं आणि त्यानंतर लवकरच सातारा राजधानी झाली. थोडक्यात, आमच्या गावाला राजधानीचा मान मिळाला तो जिंजीहून परत आलेल्या माणसांमुळे.

‘‘तेव्हा डायपर होते?’’ धाकट्याने विचारलं. इतिहासाच्या पुस्तकांनी न विचारलेला हा प्रश्न सासूबाईंनी आनंदाने हाती घेतला आणि धडुत्यांवर बरंच बोलल्या.

मग नटराज मंदिर. महामार्गालगतचं हे देऊळ साताऱ्याची माणसं येता-जाता बघतात आणि बघून सोडून देतात. पण मुलांना गोपूर म्हणजे काय हे दाखवायला चिदंबरमपर्यंत जायला नको, कारण हे चिदंबरमच्या देवळाच्याच धर्तीवर बांधलेलं आहे आणि त्याला उत्तर चिदंबरम म्हणतात. कांचीचे परमाचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती १९८०च्या सुमारास साताऱ्यात मुक्कामाला होते, त्यांच्या इच्छेतून ते उभं राहिलं. परमाचार्य १८९४चे, म्हणजे तेव्हा वय पंच्याऐंशीच्या पुढे, आणि ते कांचीहून निघून गावोगाव मुक्काम करत इथवर आले होते ते पायी. हे ऐकून नवऱ्याने गाडीच्या एसीबद्दलची तक्रार त्या दिवसापुरती आवरली. धाकटा नटराजाच्या पायाखालच्या बुटक्यापाशी अडकला. तो कोण, त्याला लागत नाही का, तो उठत का नाही. अपस्मार, म्हणजे अज्ञान, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. खऱ्या चिदंबरमला गेल्यावर तिथल्या बुटक्याचा चेहरा बघायचा, अशी मागणी त्याने तिथल्या तिथे नोंदवली.

कराडपर्यंतच्या रस्त्याबद्दल थोडक्यात: सहापदरीकरणाची कामं, सेवारस्ते, खड्डे, पुन्हा महामार्ग. उंब्रजच्या पुढे धाकट्याला मळमळलं. निदान सोपं होतं. हातात फोन आणि खाली हादरे. फोन काढून घेतला, आवळासुपारी दिली, काच खाली केली, दहा मिनिटांत गडी गाऊ लागला. तालमीचा पहिला निकाल हाच की गाडीत फोन बंद, मोठ्यांचाही. दुसरा निकाल प्रीतिसंगमावर लागला. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र जातात. मी वीस मिनिटं ठरवली होती. मुलं वाळूत दीड तास रमली, आणि पुढच्या दोन तासांत गाडीत एकदाही ‘कधी येणार’ ऐकू आलं नाही. म्हणजे आपण ज्याला वेळ गेला म्हणतो तो मुलांच्या हिशेबात भरलेलं पेट्रोल असतं.

कराडहून गुहागर-विजापूर रस्त्याने कडेगाव, विटा. माझ्या लहानपणी कडेगाव सोडलं की दोन्ही बाजूला कुसळं आणि माळ. आता टेंभूचं पाणी आलंय. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडीपर्यंत नेलं आहे. माळावर ऊस बघून सासूबाई म्हणाल्या, ‘‘हे पाणी आधी आलं असतं तर तुझे मामा कशाला गेले असते कोइमतूरला?’’ यावर मामांचं म्हणणं असं की गेलो म्हणून बरं झालं, नाहीतर बांधावरून भांडत बसलो असतो.

गावात यात्रेला टीएन, केएल, एपी, केए अशा सगळ्या पाट्यांच्या गाड्या. चावडीपुढे तमिळनाडूची मोटार आणि त्यातून फेटा बांधलेला माणूस उतरतोय, हे दृश्य आमच्या भागात कुणी वळून बघत नाही. यात्रेचं देऊळही बहुतेक या लोकांच्या पैशातून बांधलेलं. मामांची नातवंडं आपसात तमिळ बोलत होती. आमच्या मुलांशी मात्र मराठी, आणि तीही कशी? ‘‘चल की, हिरीवर जाऊया.’’ ही भाषा त्यांनी आजीकडून उचललेली. माझी थोरली साताऱ्याच्या शाळेतली, ती ‘विहीर’ म्हणते. कोइमतूरची पोरं तिला हसली. अर्ध्या तासात ती ‘हिरीवर’ म्हणायला लागली, आणि बदल्यात तिने दहापर्यंतचे तमिळ आकडे शिकून घेतले. ओन्रु, इरंडु, मून्रु. भाषेचं पुस्तक विकत घ्यायचा नवऱ्याचा बेत त्यामुळे बारगळला.

रात्री अंगणात थोरलीने मामांना धरलं. शुद्ध करतात म्हणजे नेमकं काय करतात? मामांना हा प्रश्न विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते खुलले. सराफाच्या दुकानात कारागीर घासतो, कापतो, तेव्हा सोन्याचे कण भुईवर पडतात. ती केरमाती कुणी फेकत नाही. गोळा करतात, जाळतात, धुतात, त्यातून सोनं काढतात. दागिन्याचं सोनं असेल तर ते मुशीत वितळवायचं आणि त्यात मुद्दाम चांदी घालायची. एक भाग सोनं, साधारण तीन भाग चांदी.

‘‘शुद्ध करायचंय तर आणखी भेसळ कशाला?’’ थोरली म्हणाली.

मामांनी समोरच्या सुपातले शेंगदाणे घेतले. काळ्या मनुका घेतल्या. मनुका थोड्या आणि दाणे जास्त असे मूठभर एकत्र केले. ‘‘सोनं लई दाट आसलं की आम्ल आत शिरत न्हाई. म्हणून चांदी घालून ते इस्कटायचं. मग नायट्रिक आम्लात उकळायचं. चांदी विरघळती, तांबं विरघळतं.’’ असं म्हणून त्यांनी एकेक दाणा वेचून तोंडात टाकला. तळहातावर तेवढ्या मनुका राहिल्या. ‘‘सोनं ऱ्हातं. पर चकचकीत न्हाई हां. तपकिरी भुकटी. बघितलं तर मातीच वाटंल. ती धुऊन पुन्हा वितळवली की पिवळं.’’ आणि आम्लात गेलेल्या चांदीचं काय? त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या, चांदी पुन्हा खाली बसते. धूर वाईट, लालसर. मामांच्या पिढीतल्या कित्येकांची छाती त्याने गेली. आता धूर ओढणारी यंत्रं आहेत, तरी पोराला या धंद्यात घातलं नाही, हे त्यांनी दाणे खात खात सांगितलं.

सकाळी नाश्त्याला थोरलीने जाहीर केलं की कोइमतूरला एक दिवस नाही, तीन दिवस थांबायचं. भट्टी बघायची. उटी गेली तरी चालेल. माझ्या मते उटी गेलेलीच बरी. थंड हवा आणि चढ-उतार महाबळेश्वरला आहेत, आणि तिथली गर्दी आपल्या ओळखीची तरी आहे.

विट्याहून तासगाव. वाटेत हिरव्या जाळ्यांची लांबच लांब शेड, आत मजल्यामजल्यांवर द्राक्षांचे घड पसरलेले, बेदाणा होण्याची वाट बघत. एका शेडवाल्याने मुलांना आत नेलं आणि मूठभर अर्धवट वाळलेले मणी दिले. ना द्राक्ष, ना बेदाणा. या स्थितीतला मणी बाजारात मिळत नाही, आणि तो दोन्हींपेक्षा चांगला लागतो.

तासगावच्या गणपतीपुढे सात मजली गोपूर आहे. महाराष्ट्रात असं गोपूर बघायला मिळणं दुर्मीळच. परशुरामभाऊ पटवर्धनांनी हे देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. हैदर आणि टिपूविरुद्धच्या मोहिमांत भाऊंची हयात कर्नाटकात गेली. १७९०-९१ मध्ये धारवाडचा वेढा, मग श्रीरंगपट्टण. तिकडची गोपुरं पाहिली आणि गावी तसंच उभारलं. ऋषिपंचमीला इथला रथ दोरांनी ओढतात, तीही रीत दक्षिणेतल्या रथोत्सवांची आठवण करून देणारी. थोरलीने मान वर करून मजले मोजले आणि साताऱ्याच्या नटराजाशी ताडून पाहिले. तिला भाऊ आवडले. मग मी तिला दुसरी बाजूही सांगितली. १७९१ मध्ये याच भाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि तो सावरायला शृंगेरीच्या स्वामींना मदत पाठवली ती टिपू सुलतानाने. तिने थोडा वेळ गोपुराकडे बघितलं. ‘‘मग आपण शृंगेरीला गेलो तर सांगायचं का, आम्ही तासगावकडचे?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘साताऱ्याचे म्हणून सांग.’’

सांगलीत नाट्यगृहाच्या आवारात विष्णुदास भाव्यांचं नाव दाखवलं. १८४२ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. चिंतामणराव पटवर्धनांनी ते बघून भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीतास्वयंवर’ झालं. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून आपण तो दिवस साजरा करतो, पण बैलगाड्यांतून पेटारे घेऊन आलेल्या त्या कानडी मंडळींचा कुठे पुतळा नाही. हरिपूरला संगमावर थोडा वेळ थांबलो. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथलेच, आणि हळद साठवायची जमिनीतली पेवंही इथलीच. पेव म्हणजे खोल, तोंडाशी अरुंद खड्डा. २००५च्या पुरात त्यांची वाट लागली. मुलांना देवलांपेक्षा पेवात उतरणाऱ्या माणसाचं कौतुक, आणि त्यात काही गैर नाही.

मिरजेला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. या गावात एकेकाळी रेल्वेचे तिन्ही गेज होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, कुर्डुवाडीकडून नॅरोगेज आणि बंगळुरूकडे जाणारं मीटरगेज. बेळगाव, विजापूरकडची माणसं दवाखान्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला येत आली आहेत, आणि बाजारात कानडी मराठीइतकीच कानावर पडते. धाकट्याला वाटलं आपण आलोच दक्षिणेला. त्याला कोण काय सांगणार?

तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. दुकानापुढे वाळत टाकलेले भोपळे, पंढरपूरच्या बाजूने येणारे, माणसाच्या डोक्यापेक्षा मोठे. आत एक कारागीर तंबोऱ्याची घोडी घासत बसले होते. घोडी म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती पट्टी. ते दोन-चार वेळा कानस फिरवत, तार छेडत, पुन्हा कानस. आवाज येत होता, पण कोरडा, डब्याला बांधलेल्या तारेचा असावा तसा. धाकटा कंटाळला. मग त्यांनी सुताचा एक धागा घेतला, तारेखाली घोडीवर सरकवला आणि अगदी केसभर पुढे-मागे करत राहिले. आणि एका ठिकाणी तो आवाज उमलला. एका तारेतून चार-पाच आवाज, गुणगुणत, लांबत जाणारे. धाकटा उठून जवळ गेला. ‘‘परत करा,’’ म्हणाला. त्यांनी धागा काढला, आवाज मेला. धागा घातला, जिवंत झाला. हे त्यांनी पाच-सहा वेळा करून दाखवलं, गिऱ्हाईक नाही हे दिसत असूनही.

थोरलीने विचारलं, तंजावरला पण असाच भोपळा असतो का? नाही, ते म्हणाले. तिकडचा तंबोरा, वीणा फणसाच्या लाकडाचा कोरतात, म्हणून त्याचा बाज वेगळा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तंजावरच्या वीणेला ते आधीच होतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. ‘‘बघून या आणि मला सांगा,’’ म्हणाले. सहावीतल्या मुलीला कुणी असं काम सोपवलं की ती ते सोडत नाही.

शेवटी मीरासाहेबांचा दर्गा. इथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराण्यात जन्मलेला हा गवय्या मिरजेत राहिला, म्हैसूर दरबारात गायला, कर्नाटक संगीत ऐकून त्यातलं हवं ते आपल्या गाण्यात घेतलं. २७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले असताना गाडीत छातीत दुखू लागलं, ते सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, देवाचं नाव गायलं आणि गेले. देह मिरजेला आणला. सासूबाई बराच वेळ तिथे बसल्या. निघताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, ते स्टेशन आपल्या रस्त्यावर आहे का? नव्हतं. चेन्नईच्या बाजूचं. ‘‘मग राहू दे,’’ म्हणाल्या, आणि त्याच ओघात, ‘‘रामेश्वरही राहू दे या वेळी. श्रीरंगम तेवढं बघू. तुमच्या तंजावरहून जवळच आहे ना?’’ पंचावन्न-साठ किलोमीटर. नवऱ्याने लगेच फोन काढला, म्हातारीचं मन बदलायच्या आत.

आता बेत असा आहे. पहिला मुक्काम धारवाड, कारण कंदी पेढा आणि धारवाडी पेढा समोरासमोर ठेवून निकाल लावायचा आहे. मग हंपी, तिथे घाई करायची नाही. चित्रदुर्गाला ओबव्वेची खिंड, जिथून शिरणाऱ्या हैदरच्या शिपायांना तिने मुसळाने लोळवलं. बंगळुरूला वळसा, सालेम, कोइमतूर, तिथे थोरलीची भट्टी. नंतर तंजावर. बृहदीश्वराच्या आवारात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांची वंशावळ मराठीत दगडावर कोरून घेतली आहे. देवनागरी, म्हणजे पहिलीतल्या माणसालाही चार अक्षरं लागतील. धाकट्याच्या बुटक्यासाठी चिदंबरम. आणि परतताना जिंजी. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा एकमेव. आमच्या जिल्ह्यातला प्रतापगडही त्या यादीत आहे. जिंजीला चढण मोठी आहे, सासूबाई खाली राहतील. तिथून तिरुवण्णामलै, कृष्णगिरी आणि घरचा रस्ता. बदामी, श्रवणबेळगोळ, म्हैसूर, उटी, मदुराई, कन्याकुमारी गळाली. पहिल्या माळेतली निम्म्याहून जास्त गावं गेली आणि कुणी हळहळलं नाही, नवरा सोडून.

सामानही ठरलं. अर्ध्या पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात म्हणून जाड मोजे, आवळासुपारी, सांगलीचे भडंग, एक चेंडू, दोऱ्यांचं रीळ (धाकट्याला प्रत्येक तारेखाली धागा घालून बघायचाय). सगळं डिकीत बसत होतं. मग परवा कोइमतूरहून मामींचा फोन आला. यादी लिहून घे, म्हणाल्या. नवा शाळू वीस किलो, तिकडची ज्वारी भाकरीला चालत नाही. हुलगे पाच किलो. कांदा-लसूण मसाला, गावच्या गिरणीतलाच. कंदी पेढे दोन किलो, एक शेजारच्या तमिळ कुटुंबाला. तासगावचा बेदाणा. पोरांना मराठी वाचता येत नाही, तर चित्रांची मोठ्या अक्षरांची पुस्तकं. आणि जमलं तर एक काळा तवा, जाडजूड, बिडाचा नको, लोखंडी. ‘‘गाडीनंच येताय की,’’ मामी म्हणाल्या, ‘‘डोक्यावर थोडंच आणायचंय?’’ नवरा सध्या टेप घेऊन मागच्या सीटखालची उंची मोजतो आहे.